तिसरा रकाना

साहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि आवाजात मावेल तेवढा मध घालून म्हणाले, "मावशी, इथे फक्त एक सही. तुमच्याच भल्याचं आहे."

मुकादमीण उभीच होती. खुर्ची दाखवली होती, नाही असं नाही. पण उभ्या जन्मात ह्या खोलीत तिला कुणी खुर्ची दाखवली नव्हती, आणि आज दाखवली म्हणजे त्यात काहीतरी आहे हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. तिने कागद उचलला, हातभर लांब धरला आणि वाचू लागली.

"वाचत कशाला बसता, मी सांगतो ना थोडक्यात."

"उभीच आहे मी, साहेब. बसून नाही वाचत."

कागद मराठीत होता. एवढा तरी मान. त्यात लिहिलं होतं की, मला इंग्रजी नीट समजत नाही. कार्यालयाने रोलर मशीनबाबत वेळोवेळी इंग्रजीतून ज्या सूचना दिल्या, त्यांचा अर्थ मला लागला नाही. त्यामुळे मशीन तसंच चालू राहिलं आणि अपघात झाला. याबद्दल माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.

मुकादमिणीने एकदा वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिची कानशिलं तापली.

"कोणत्या सूचना?"

"त्या हो... ज्या दिल्या होत्या त्या."

"कोणत्या दिल्या होत्या?"

"मावशी, आता कीस काढू नका. तुम्हाला इंग्रजी येत नाही, यात लाजण्यासारखं काय आहे? अपघात भाषेमुळे झाला म्हटलं की तुमच्यावर ठपका नाही, आमच्यावर नाही, प्रकरण मिटलं. उद्या तपासणीबाई येणार आहेत. हा कागद फाइलला लागला की सोमवारपासून रोलर सुरू. आणि मंगळवारपासून तुम्हा सगळ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग! कंपनी स्वतः खर्च करणार आहे."

"आणि रोलरचा दांडा?"

"दांड्याचं बघू."

मुकादमिणीने कागदाची घडी घातली, पदराआड धरली आणि म्हणाली, "वाचून सांगते."

"आत्ताच तर वाचलंत!"

"समजलं नाही ना मला," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

* * *

ह्या बाईला अक्षर भेटलं ते तिशी उलटल्यावर. शाळेत नाही, हॉस्पिटलच्या धुलाईघरात, चादरींच्या कोपऱ्यांवर. प्रत्येक वॉर्डच्या चादरीला कोपऱ्यात लाल दोऱ्याने अक्षर काढलेलं असे. बालविभागाचा 'बा', हाडांच्या विभागाचा 'हा'. दिवसाला सहाशे चादरी हाताखालून जात. गठ्ठा चुकला की वॉर्डातून शिव्या येत. त्या शिव्यांच्या धाकाने एक एक अक्षर करत ती वाचायला शिकली. पुढे मुलाच्या जुन्या वह्या गिरवल्या, कचऱ्यात जाणारं वर्तमानपत्र उचलून आणलं, आणि पंचेचाळिशीला आली तेव्हा धुलाईघराची मुकादमीण झाली. जे उशिरा मिळतं ते माणूस जपून वापरतं. ती लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची. हीच तिची चूक म्हणा हवं तर.

धुलाईघरात सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे रोलर. दोन माणसं एकापुढे एक आडवी होतील एवढं लांब, आतून वाफेने तापवलेलं, फिरतं लोखंडी लाटणं. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून त्याच्या तोंडाशी द्यायची. पलीकडून ती कोरडी ठणठणीत, इस्त्री होऊन बाहेर पडते. तोंडाशी एक आडवा दांडा. बोटं चुकून फार पुढे गेली तर आधी दांड्याला लागतात, दांडा ढकलला जातो आणि रोलर जागच्या जागी थांबतो.

तो थांबतो की नाही हे पाहायची तिथली एक रीत होती. रोज सकाळी पहिली चादर घालण्याआधी मुकादमिणीने ओल्या टॉवेलची घट्ट गुंडाळी दांड्यावर मारायची आणि सगळ्या बायांनी मोठ्याने मोजायचं. 'एक' म्हणून तोंड मिटायच्या आत रोलर थांबला पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आधीच्या मुकादमिणीने घालून दिलेलं होतं, आणि तिचं एक बोट आखूड होतं.

एका सकाळी बायांनी 'एक' म्हटलं आणि रोलर फिरतच राहिला. 'दोन'ला थांबला. आठवड्याभरात 'तीन'ला थांबू लागला.

एक म्हणजे नखाला चटका. दोन म्हणजे बोट. तीन म्हणजे काय, ते कुणी बोललं नाही. पण मोजताना आवाज बारीक व्हायला लागले.

* * *

पूर्वी असं काही झालं की मुकादमीण साहेबांच्या खोलीत जायची, "चला बघायला" म्हणायची, आणि जुने साहेब चपला फटफटवत यायचे, शिव्या द्यायचे, मिस्त्री बोलवायचे. पण वर्षापूर्वी धुलाईचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. कंपनीने भिंतीवर एक चकचकीत पडदा लावला. तक्रार त्यावर लिहायची. मराठीत लिहिली तरी चालेल. उत्तर मात्र इंग्रजीत येणार. धोरण म्हणे. आणि महिन्याभराने जुने निरोप आपोआप पुसले जाणार. जागा लागते म्हणे. जागा! तीस वर्षांच्या चादरी ठेवायला ह्या बायांना जागा पुरली, आणि त्यांना चार शब्दांना पुरेना.

त्याच पडद्यावर रोज सकाळी सातला 'आजचा वाक्प्रचार' यायचा. कामगारांचं इंग्रजी सुधारावं म्हणून. शिवाय वर्षभराचे वाक्प्रचार छापलेलं एक मोठं कॅलेंडर भिंतीला लावलं होतं. कंपनीच्या नव्या साहेबांनी महिन्यातून एकदा परीक्षाही ठेवली.

मुकादमिणीने ते मनावर घेतलं. एक दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. पहिल्या रकान्यात तारीख आणि इंग्रजी शब्द, जसे ऐकू येतील तसे मराठी अक्षरात. त्याखाली शब्दाला शब्द लावून काय होतं ते. दुसऱ्या रकान्यात 'सून काय म्हणते'. सून एका कुरियर कंपनीत फोनवर बसायची, दिवसभर इंग्रजीत बोलायची. संध्याकाळी भाजी निवडता निवडता सासूला अर्थ सांगायची.

"'व्हेन पिग्ज फ्लाय'," मुकादमीण वाचायची. "डुकरं उडतील तेव्हा."

"म्हणजे कधीच नाही, आई."

"मग कधीच नाही असं म्हणायला ह्यांच्या तोंडाला काय होतं? बिचारी डुकरं!"

दुसऱ्या दिवशी ते डुक्कर धुलाईघरभर फिरायचं. बॉयलरवर एक जाडजूड गृहस्थ होते. सगळे त्यांना वाफोबा म्हणत. मुकादमिणीच्या मालकांचे जुने दोस्त, म्हणून ते तिला वहिनी म्हणायचे. कुणी विचारलं की वाफोबा, जेवायला कधी सुटणार, तर ते धुराड्याकडे बघून म्हणायचे, "थांब, डुक्कर अजून उडालं नाही."

परीक्षेत मुकादमीण सलग दोनदा पहिली आली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला एक चहाचा मग दिला. त्यावर अंगठा वर केलेला हात होता आणि खाली इंग्रजीत 'वेल डन'. फोटोही काढला. मगात ती खडू आणि सुया ठेवायची.

असा सगळा थाट. आणि ह्याच पडद्यावर तिने लिहिलं: दांडा ढकलूनही रोलर तीनाला थांबतो, ताबडतोब मिस्त्री पाठवा.

उत्तर आलं. 'वी आर लुकिंग इन्टू इट.' तिने वहीत उतरवलं. लुक म्हणजे बघणे, इन्टू म्हणजे आत. आत बघतायत. तिला बरं वाटलं. कुणीतरी झाकण काढून आत बघणार म्हणून तिने रोलरच्या कडेचे चिंध्यांचे ढीग उचलून घेतले, जागा पुसली, मिस्त्रीला बसायला स्टूल आणून ठेवलं. स्टूल आठ दिवस तिथेच. नवव्या दिवशी त्यावर बायांनी डबे ठेवायला सुरुवात केली.

तिने पुन्हा लिहिलं. 'बेअर विथ अस.' जरा धीर धरा म्हणे. पुन्हा लिहिलं. 'वी विल गेट बॅक टू यू.' पुन्हा. 'इट्स इन द पाइपलाइन.' काम वाटेवर आहे म्हणे.

"पाइपलाइन?" वाफोबा म्हणाले. "इथली पाइपलाइन माझ्या ताब्यात आहे, वहिनी. तिच्यात वाफेशिवाय काही नाही, लिहून देतो."

मग तिने दोन दिवस रोलर बंदच ठेवला. ओल्या चादरी दोरीवर टाकल्या. वॉर्डांतून ओरड झाली, आणि पडद्यावर निरोप आला. हा मात्र चार दिवसांनी नव्हे, अर्ध्या तासात. साहेबांच्या नावाने. 'प्लीज कॅरी ऑन फॉर नाउ अँड कीप ॲन आय ऑन इट.' तूर्त चालू ठेवा आणि नजर ठेवा. खाली आणखी एक ओळ होती: न जमल्यास मुकादम बदलण्याचा विचार करावा लागेल. गंमत बघा, ती तेवढी मराठीत होती.

त्या संध्याकाळी सून मटार सोलत होती. मुकादमिणीने वही पुढे केली.

"हे 'गेट बॅक टू यू' पुन्हा सांग."

"सांगितलं ना आई. कळवतो तुम्हाला."

"कधी?"

"तसं त्यात नसतं काही."

"तूसुद्धा म्हणतेस हे? फोनवर?"

"दिवसातून चाळीस वेळा."

"आणि किती जणांना कळवतेस?"

सुनेने एक शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, दुसरी उचलली. "आई, ते... समोरच्याने फोन ठेवावा म्हणून असतं ते."

"चाळिसातल्या किती?"

"आम्हाला तसंच शिकवतात हो. 'नाही' म्हणायचं नाही, 'हो' म्हणायचं नाही. माणूस रागावला नाही पाहिजे, एवढंच."

सुनेचा राग करावा तर पोर खोटं बोलत नव्हती. घरात खरं बोलणारी तेवढी एकच होती. मग मुकादमिणीने पट्टी घेतली, दुसऱ्या रकान्याच्या पलीकडे रेघ मारली आणि वर लिहिलं: 'खरं काय झालं'.

तो तिसरा रकाना. मागची पानं उलटून तो तिने पहिल्यापासून भरला. लुकिंग इन्टू: कुणी आलं नाही. बेअर विथ अस: कुणी आलं नाही. गेट बॅक: कळवलं नाही. पाइपलाइन: वाफ. त्यात दुसऱ्या रकान्यापेक्षा शाई कमी लागत होती.

दुसऱ्या दिवशी तिने ते वाफोबांना वाचून दाखवलं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "पण वहिनी, आपण तरी काय वेगळं करतो? आपल्यात 'बघू' म्हणतात तेच हे. माझ्या सासऱ्याने लग्नात सायकल देतो म्हटलं होतं. मी विचारलं की 'बघू'. बघता बघता गेला बिचारा."

"'बघू' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघता येतं, वाफोबा. डोळे चुकवतो तो. ह्या पडद्याला डोळे कुठे आहेत?"

* * *

त्या दिवसांत रोलरवर एका टोकाला डावरी असायची. चाळिशीची बाई, नवरा नाही, दोन मुली शाळेत. डाव्या हाताने काम करायची म्हणून डावरी. तिचं टोक रोलरच्या उजव्या बाजूला, तिथे डावा हात आतल्या अंगाला येतो, म्हणून चादरीच्या दुमडी तिच्याइतक्या सरळ कुणाच्याच निघत नसत.

"मावशी," ती एका सकाळी मोजून झाल्यावर म्हणाली, "बंद ठेवा ना हो हे. तीनपर्यंत मोजवत नाही मला."

"बघतायत ते," मुकादमीण म्हणाली.

हे तिच्याच तोंडून गेलं. पडद्याच्या नाही, साहेबांच्या नाही.

आणि तिने नजर ठेवली. कीप ॲन आय. आपल्याकडे डोळ्यात तेल घालून बसतात. तशीच ती रोलरच्या तोंडाशी तीन हातांवर उभी राहायची, पापणी न हलवता. तारीख एकवीस, सकाळचे अकरा. चादरीच्या काठाला दुमड पडली, डावरीचा डावा हात ती सरळ करायला पुढे गेला, दांड्याला लागला. मुकादमिणीने बघितलं. अगदी नीट बघितलं. ओरडलीसुद्धा.

एक. दोन. तीन.

वाफोबांनी धावत येऊन मुख्य चाक फिरवलं, पण तोवर रोलर आपणहून थांबला होता. तीनाला. त्याचा शब्द त्याने पाळला.

डावरीची दोन बोटं गेली, तिसरं वाकडं राहिलं. नजरेने रोलर थांबत नाही, हे मुकादमिणीने त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, आणि नंतर चार दिवस वहीला हात लावला नाही.

* * *

साहेबांचा कागद घेऊन ती त्या संध्याकाळी घरी आली. सुनेने वाचला आणि हळूच म्हणाली, "आई, सही करून टाका. समजत होतं असं म्हणालात तर ते पुढचं विचारतील: समजत होतं तर मशीन चालू का ठेवलंत? मग खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल."

"आणि समजत नव्हतं म्हटलं तर?"

"तर सुटलात."

"मी सुटले. आणि रोलर सोमवारी सुरू. डावरीच्या जागेवर कोण उभं राहणार, ते सांग."

सुनेने कागदाची घडी घालून परत दिला.

सकाळी मुकादमीण आधी वॉर्डात गेली. डावरी खिडकीकडे तोंड करून पडली होती, हाताला भलं मोठं बँडेज. मुकादमिणीने तिला कागद वाचून दाखवला. एकही शब्द गाळला नाही.

डावरीने तिच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला बंद ठेवा म्हटलं होतं. मराठीतच म्हटलं होतं ना?"

"मराठीतच."

"मग हे इंग्रजीचं काय मध्येच?"

तेवढं पुष्कळ झालं.

मुकादमीण जिना उतरून धुलाईघरात आली. वही घेतली, मगातले खडू आणि सुया ओट्यावर ओतल्या, रिकामा मग उचलला आणि साहेबांच्या खोलीचं दार न ठोकता उघडलं. तपासणीबाई येऊन बसल्या होत्या: सरकारी, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर चहा न घेतलेला. साहेब उठून हसले.

"या, या मावशी. ह्याच त्या मुकादम. साध्या आहेत हो अगदी. इंग्रजी निरोपांनी गोंधळल्या बिचाऱ्या. सही आणलीत ना?"

मुकादमिणीने तो मग साहेबांच्या टेबलावर ठेवला. जोरात नव्हे, पण पेन उडून खाली पडलं.

"हा कशाचा, साहेब?"

"हा? हा आपला... मग आहे."

"कुणी दिला?"

साहेबांनी वाकून पडलेलं पेन उचललं.

"बाई," ती तपासणीबाईंकडे वळली, "परीक्षेत पहिली आले म्हणून ह्यांनी दिला. इंग्रजीच्या. दोनदा आले. तेव्हा मी हुशार होते, फोटोपुरती. आता हात चिरडला तर मी अडाणी. वेड पांघरायला सांगतायत मला, ते पण त्यांच्या मापाचं! मला त्यांचा शब्द न् शब्द समजला होता. समजायला त्यात काही नव्हतं, ही माझी तक्रार आहे."

"मावशी, आवाज खाली," साहेब म्हणाले. "मॅडम, भावनेच्या भरात—"

"निरोप दाखवा ना," तपासणीबाई साहेबांना म्हणाल्या. "काय सूचना दिल्या होत्या, ते मी कालच मागितलं होतं."

"ते सिस्टिममधून... ऑटोमॅटिक डिलीट होतात. आम्ही त्यात लक्ष घालतोय."

"लुकिंग इन्टू," मुकादमीण म्हणाली आणि वही उघडून बाईंपुढे ठेवली.

तपासणीबाईंनी पान उलटलं. मग दुसरं. चष्मा वर सरकवला. अकरा तक्रारी, अकरा उत्तरं, तारखेसकट. शब्द, सून, आणि खरं काय झालं. पाइपलाइनपाशी त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, मग पुढच्या पानावर तो घट्ट मिटला.

"हे काय कुणीही घरी बसून लिहील," साहेब म्हणाले. "काल रात्रीसुद्धा लिहिलं असेल."

तपासणीबाईंनी वही मिटली. त्या उठल्या, वही घेऊन धुलाईघरात गेल्या आणि कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. मागोमाग साहेब, मुकादमीण, आणि कान लांब करून बाया. बाईंनी वहीतली एक तारीख बोटाने धरली आणि कॅलेंडरवरची बघितली. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक तक्रारीच्या वर त्या दिवसाचा वाक्प्रचार होता, आणि प्रत्येक जुळत होता. फक्त दोन ठिकाणी वहीतला वेगळा निघाला.

"बघा!" साहेब म्हणाले.

"ते दोन दिवस तुमच्या पडद्यानेच चूक केली होती," गर्दीतून एक बाई बोलली. "कॅलेंडरवर एक आणि पडद्यावर एक. आम्ही हसलो होतो की. डुक्कर दोनदा आलं होतं."

"दोनदा आलं, पण उडालं नाही," मागून वाफोबा म्हणाले.

खोटं लिहिणाऱ्याने कॅलेंडरवरूनच उतरवलं असतं. पडद्याची चूक त्यात आली नसती. तपासणीबाईंना ते बोलून दाखवायची गरज पडली नाही. साहेबांचा चेहराच बोलला. वर्षभरात वाक्प्रचार पाठवायला ह्या माणसांनी एक सकाळ चुकवली नव्हती. मिस्त्री पाठवायला एक सकाळ सापडली नाही.

बाई वळल्या. "एक विचारते, मुकादमबाई. एवढं सगळं समजत होतं, तर मशीन बंद का केलं नाहीत?"

सुनेने सांगितलेला तो प्रश्न आलाच.

"दोन दिवस केलं होतं. बारावं पान. मग मुकादमी जाईल अशी ओळ आली आणि मी घाबरले. डावरी बंद ठेवा म्हणाली होती, तिला मी 'बघतायत' म्हटलं. तेच ते, त्यांचंच वाक्य, मी मराठीत करून तिला दिलं. तेवढा दोष माझा आहे. तेवढा लिहा. पण तेवढाच लिहा, बाई. त्यांचा माझ्या अडाणीपणात गुंडाळू नका."

"लिहिते," बाई म्हणाल्या. आणि उभ्या उभ्या लिहिलं.

* * *

रोलरला सील लागलं. तीन दिवसांनी मिस्त्री आला. स्टुलावरचे डबे बाजूला करून बसला, झाकण काढलं, आणि खरोखर आत बघितलं. झिजलेली स्प्रिंग होती, करंगळीएवढी. नवी बसवून त्याने झाकण लावलं तेव्हा बायांचा चहा अजून गार झाला नव्हता. मुकादमिणीला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. एवढंच? दोन बोटं, सात आठवडे, अकरा निरोप, आणि एवढंच?

तिला लेखी ताकीद मिळाली: धोका ठाऊक असूनही मशीन चालू ठेवल्याबद्दल. कागद तिने हातभर लांब धरून वाचला. सगळं खरं होतं. तिने पूर्ण नावानिशी सही केली, सावकाश, एकही काना न चुकवता.

कंपनीला काय झालं ते त्या बायांना नीट कळलं नाही. पण डावरी परत आली तेव्हा तिला घडी घालण्याच्या टेबलावर बसूनचं काम मिळालं आणि तक्रारीचं उत्तर तीन दिवसांत, मराठीत आणि सहीनिशी द्यायचं, असा कागद भिंतीवर लागला. कॅलेंडर काढून तिथेच लावला, खिळा तोच.

महिन्याभराने पडद्यावर एक निरोप आला. साहेबांचा फोटो, फुलं, आणि इंग्रजीत एक ओळ. मुकादमिणीने वहीत उतरवली: 'मूव्हिंग ऑन टू पास्चर्स न्यू.' नव्या कुरणात गेले. सुनेने अर्थ सांगितला: दुसऱ्या मोठ्या जागी, चांगल्या कामावर गेले.

"बैलाला कुरण मिळालं म्हणायचं," वाफोबा म्हणाले.

मुकादमीण हसली नाही. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं: 'साहेब नव्या जागी गेले. डावरीची बोटं आली नाहीत.' मग वही मिटली, ओल्या टॉवेलची गुंडाळी केली आणि रोलरपाशी जाऊन उभी राहिली. बाया जमल्या. डावरी घडीच्या टेबलावरून उठून आली, बायांच्या पुढे उभी राहिली.

गुंडाळी दांड्यावर बसली.

"एक!" सगळ्यांत मोठा आवाज डावरीचा होता.